नातवाचा कॉम्प्युटर

"पोते के लिए चाहिए," सुशीलरावांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं.

साधनाताई स्टुलावर शांत बसल्या होत्या. श्रावणातल्या सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे. सुशीलरावांनी खरेदीला सोमवार धरला होता, तो काही उगाच नाही. एकुलत्या एका मुलीचं, हर्षाचं, अजून लग्नही व्हायचं होतं. नातू कुठून आला, हे विचारणारं तोंड आज बंद होतं.

"बढ़िया," दुकानदार केवलराम म्हणाला. "गेम खेलेगा?"

"हां, ट्रकवाला. बर्फ के पहाड़ में चलता है ना, वो बड़ा ट्रक..." सुशीलरावांच्या हातांनी हवेतच स्टिअरिंग धरलं, एक वळण घेतलं, आणि मग ते घाईनं खाली आले. "मतलब, पोता बोलता है."

कित्येक महिने ते मोबाइलवर दुसऱ्यांचे गेममधले ट्रक पाहत होते. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसातून सुटायचं, स्कूटरवरून सेक्टर सहाच्या क्वार्टरात यायचं, आणि चहा थंड होईपर्यंत कुणीतरी परका माणूस घाटातून चाळीस टनी ट्रक उतरवतो, ते बघायचं. आता स्वतः उतरवायचा. प्रोसेसर कुठला, रॅम किती, सगळं पाठ झालं होतं. आज सकाळी तर त्याच नादात दाढी करताना हनुवटी कापून घेतली.

"कितने साल का है?"

"छह."

केवलरामनं काउंटरवर मांडलेल्या डब्यांतला सगळ्यात मोठा डबा उचलला आणि परत काचेच्या कपाटात ठेवून दिला. सुशीलराव काउंटरवर पुढे झुकले. तेच तर ग्राफिक कार्ड होतं! ते नसलं की बर्फ अडकत अडकत पडतो, डोंगर पुठ्ठ्याचे दिसतात.

"छह साल के बच्चे को इतना बड़ा कार्ड? बिना कार्ड का बना देता हूँ, अंकल. पैसा भी बचेगा, पढ़ाई भी बचेगी."

"लेकिन वो बहुत जिद्दी है."

"जिद्दी है तो बिल्कुल मत दो."

"उसको साइड के आईने में पीछे का रस्ता एकदम साफ दिखना चाहिए. ऐसा बोलता है."

"छह साल का?"

"होशियार है," सुशीलराव पुटपुटले.

केवलराम हसला आणि बिना कार्डाचा हिशेब लिहायला लागला.

साधनाताई उठल्या. कपाटाच्या काचेवर, बरोबर त्या डब्यासमोर त्यांनी बोट ठेवलं. मग तेच बोट आणून नवऱ्याच्या छातीवर दोनदा टेकवलं.

"काय करून राहिली वं?" सुशीलराव दबक्या आवाजात म्हणाले. "बस ना खाली!"

त्या बसल्या नाहीत. बोटही हललं नाही.

"आंटी क्या बोल रही हैं?"

"कुछ नहीं. मौन है आज उसका. सोमवार."

"बोल तो रही हैं कुछ."

सुशीलरावांचे कान तापले. दुकानात चौथं माणूस नव्हतं, तरी त्यांना वाटलं, बाहेरचा सुपेल्याचा अख्खा बाजार थांबून ऐकतोय. साधनाताई त्यांच्याकडे पाहत होत्या. रागानं नाही. आरतीत सुशीलराव एखादं कडवं विसरले, की त्या अशाच बघत. मी आहे, पण म्हणा तुम्हीच.

"बोल रही है के..." त्यांनी घसा खाकरला. "के पोता नहीं है. खेलनेवाला मैं हूँ."

केवलरामचं पेन थांबलं. त्यानं सुशीलरावांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. हसला नाही. उठून कपाट उघडलं, डबा काढला आणि सरळ त्यांच्या हातात दिला.

"पहले बोलना था ना, अंकल. कौन सा रस्ता चलाओगे?"

मग काय, सुशीलराव सुटलेच! घाट, धुकं, रात्रीचा हायवे, उतारावर ब्रेक तापतो तो. ठरवलेल्या पैशात कार्ड बसवायचं, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला. "चलेगा!" रॅमची एकच पट्टी, दुसरी दिवाळीला. "चलेगा!" पडदा थोडा लहान. "अरे, चलेगा ना!" मधेच ते बायकोकडे वळले. "साधना, याच्यात पाऊस आला ना, तर समोरच्या काचेवर थेंब दिसते, थेंब! वायपर चालू करा लागते!"

साधनाताई कार्डाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

शेवटी राहिली ती हे सगळं आत बसवायची पेटी. केवलरामनं दोन समोर ठेवल्या.

"ये सादा काला ले लो, अंकल. दूसरा लाइटवाला है, उसमें जितना ज़्यादा जाएगा, उतने में हेडफोन आ जाएगा. लाइट तो बच्चे लोग लेते हैं."

सुशीलरावांनी काळ्या पेटीवर हात फिरवला. मजबूत होती. शोभेल अशी होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. साधनाताईंचे दोन्ही हात डब्यावर होते. या वेळी कुणीच बोट दाखवत नव्हतं.

"लाइटवाला," सुशीलराव म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "हेडफोन रहने दो."

केवलरामनं वायर जोडली. लाल, निळे, हिरवे रंग पेटीच्या काचेतून गरगरत बाहेर आले आणि काउंटरवर, भिंतीवर, छताच्या पंख्यावर नाचायला लागले. रंग बदलायचा बोटभर रिमोट सुशीलरावांनी घ्यायच्या आधीच साधनाताईंनी उचलला होता. त्यांनी बटण दाबलं. सोमवारच्या त्यांच्या पांढऱ्या साडीवर जांभळा पसरला.

"हाच ठेवू?" सुशीलरावांनी गुडघ्यांवर हात टेकून, वाकून विचारलं.

साधनाताईंनी नाही अशी मान हलवली, आणि पुन्हा बटण दाबलं.