रक्ताचा कौल

डॉक्टर रिपोर्ट वाचत होते आणि आई टेबलाखाली तृप्तीचा हात घट्ट धरून बसली होती. सहा महिन्यांपूर्वी तृप्तीचा डावा डोळा अचानक अंधुक झाला, पाय बधिर झाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जातंतूंच्या आजाराचं नाव घरात शिरलं. तेव्हापासून मायलेकींना एकच प्रश्न छळत होता. दहा वर्षांनी ती चालत असेल का?

"मज्जातंतूंना इजा झाली, की त्यांच्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या तपासणीत ते बरंच वाढलं होतं. आता निरोगी माणसाइतकं आलंय. म्हणजे औषध लागू पडतंय."

"मग माझी पोर चालेल ना?" आईने विचारलं.

"हमी कुणीच देणार नाही, मावशी. पण आकडा असाच राहिला, तर पुढची वर्षं बरी जायची आशा पुष्कळ आहे."

आईने पदर डोळ्यांना लावला. तृप्तीला मात्र रडू आलं नाही, तिला कडकडून भूक लागली. बाहेर येताच तिने गाड्यावरचा गरम वडा घेतला आणि अख्खाच तोंडात कोंबला.

"अगं ए, उभ्याने काय हादडतेस? बावीस वर्षांची घोडी झालीस, काही रीतभात?" आई भर रस्त्यात कडाडली.

तृप्ती भरल्या तोंडाने तिच्याकडे बघतच राहिली. आजार कळल्यापासून आईने तिला एकही वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"अजून बोल की गं," ती म्हणाली.