पालथा स्पीकर

रामलिंगनं अंगणातल्या खड्ड्यात स्पीकर पालथा ठेवला. खताच्या रिकाम्या पिशवीत त्याला आधीच गुंडाळलं होतं. वायर बाहेर काढून त्यानं माती लोटली आणि पायानं दाबून सपाट केली.

अंगणातच उघड्यावर टाकलेल्या खाटेवरून सिंधुवहिनी बघत होती. "भाऊजी, गाणं वाजवायची चीज ती. पुरून काय करायलाव?"

"वाजवायची न्हाई, वैनी. ऐकायची. उलटा जोडला की स्पीकरचाच कान होतो. मासिकात आलं होतं मागं."

पंधरवड्यापासून गावात जमिनीखालून आवाज येत होते. गुरगुर व्हायची, फळीवरची भांडी थरथरायची आणि लोक पोरंबाळं घेऊन बाहेर पळायचे. भूकंपात जुनं गाव आडवं झालं, त्यानंतर वसवलेलं हे गाव. वहिनी तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. शेजारी तिचा नवरा, रामलिंगचा थोरला भाऊ दगडोबा, निघाला तो गेलेलाच. तेव्हापासून ती छताखाली झोपली नव्हती. आता आवाज सुरू झाल्यापासून ती जेवायलाही आत येईना. पाऊस आला तर डोक्यावर पोतं घेऊन बसायची.

मोठ्या आवाजाआधी एखादा बारीक आवाज येतच असणार, असं रामलिंगला वाटत होतं. तो मशिनीत पकडता आला की वहिनीला सांगता येईल, आज काही न्हाई, आत चला.

अँप्लिफायर दोघा भावांनी मिळून केलेला. मासिक इंग्रजी होतं. इंग्रजी रामलिंग वाचायचा, सर्किट अण्णा, म्हणजे दगडोबा. रामलिंगच्या लातूरच्या खोलीवर होते म्हणून अँप्लिफायर आणि स्पीकर तेवढे भूकंपातून वाचले. हा स्पीकर अण्णानं नांदेडहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणला होता, लेकरू आणावं तसा.

जमिनीचा आवाज फार बारीक, तो वाढवायला एक जुन्या बनावटीचा ट्रान्झिस्टर, तीन पायांचा बारका भाग, लागत होता. त्यासाठी रामलिंग काल नांदेडला माणिकप्पाच्या दुकानात जाऊन आला. दुकानात आता नुसती मोबाईलची कव्हरं टांगलेली. पूर्वी तिथंच दोरीवर मासिकं लटकायची, आणि महिन्याचा अंक आला की पोरं उभ्या उभ्या वाचून काढायची. माणिकप्पानं मागच्या अंधारातून एक खण उपसून आणला, त्यात नाक घालून वास घेतला आणि ट्रान्झिस्टर काढून दिला.

"आता हे मागाय कुणी येत न्हाई," तो म्हणाला. "तुझा भाऊ कसा हाय?"

"बरा हाय," रामलिंग म्हणाला. असं का म्हणालो, ते त्याला परतीच्या वाटेवरही कळलं नाही.

अंगणात त्यानं वायर अँप्लिफायरला जोडून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. हेडफोन कानाला लावला तर आधी नुसती घरघर. मग त्या घरघरीच्या पार वरून धप्, धप् असा जाड, दमदार आवाज यायला लागला. रामलिंग दचकला. वर बघितलं तर त्याची बायको तनुजा घागर घेऊन अंगणातून नळाकडं निघाली होती.

तो हसला. "वैनी, चालतंय! तनुजाचं पाऊलसुद्धा येऊ लागलंय. घ्या, ऐका."

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर बसवला. वहिनी ऐकत राहिली. तनुजा वाटेत शेजारणीशी काहीतरी बोलली, तशी वहिनीची मान आपोआप वर गेली, डोक्यावर छत असावं तशी. दोन्ही हातांनी तिनं खाटेची कड धरली.

"असंच," ती म्हणाली.

"काय असंच?"

"खालून असंच ऐकू येतंय." हेडफोन तिनं काढला नाही, म्हणून ती जरा मोठ्यानंच बोलत होती. "तुम्ही सकाळी आलाव. वरून चालत होताव. अण्णा, अण्णा म्हणून हाका मारल्याव."

"लई मारल्या, वैनी. आतून कुणी बोललं न्हाई."

"हरेक हाकेला त्यांनी ओ दिली."

तनुजा नळावर पोचली असावी. घागर टेकल्याचा आवाज हेडफोनमधून बाहेरपर्यंत आला.

"मी माणसं आणाय गेलतो," रामलिंग म्हणाला.

"हाव. मला ठावं हाय. तुमची पावलं लांब गेली तशी मी रडाय लागले. ते म्हणले, रडू नको, रामलिंग गेला न्हाई, दुसऱ्या अंगानं येऊ लागलाय. लई येळ तेच सांगत होते. मग सांगायचं थांबले."

"इतकी वर्षं बोलला न्हाईव तुम्ही."

"बोलून? तुम्हाला घास गेला नसता."

वहिनीनं हेडफोन उतरवला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून आत गेली. आतून माठातलं पाणी घेतल्याचा आवाज आला. मग तिथंच, छताखाली, भिंतीला टेकून ती बसली.

रामलिंगनं हेडफोन कानाला लावला.

घरघर. मग डोक्यावर पावलं. पाण्यानं जड झालेली, सावकाश येणारी. बरोबर त्याच्या वर येऊन ती थांबली.

"अहो," मातीपलीकडून कुणीतरी हाक मारली. "अहो, सिंधुअक्का कुठं गेल्या?"

"ओ," रामलिंग म्हणाला.

वर काहीच हाललं नाही. तो पुन्हा ओ म्हणाला, जीव खाऊन म्हणाला. ओठ हालले, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज त्याच्या स्वतःच्याही कानांपर्यंत आला नाही.

पावलं जरा वेळ घुटमळली. मग एकेक करत लांब जायला लागली.