न्केंगचं पान

लिंबे शहराच्या वनस्पती-बागेत, समुद्राकडच्या वाटेवर अचानक मांका दिसली. माझी धाकटी बहीण, शेताच्या बांधावरून अबोला धरलेली. शेजारीच न्केंगचं बोडकं झुडूप होतं. उरलेल्या पानांतलं एक तोडून मी धावत सुटले आणि तिच्यापुढे धरलं. आमच्या डोंगराकडे हे पान पुढे आलं की घ्यावंच लागतं, आणि घेतलं की भांडण मिटतं.

"निर्लज्ज आहेस ताई," म्हणत तिनं पान घेतलं आणि मला गच्च मिठी मारली.

तेवढ्यात रखवालदार ओरडत आला. "पान कुणी तोडलं?"

त्याची बोली ऐकून मांका हसली. "दादा, तुम्ही आमच्याच डोंगराकडचे ना?" आणि तेच पान तिनं त्याच्यापुढे धरलं.

त्यानं ते मुकाट्यानं घेतलं. "आपली माणसं हे झुडूप काही वाढू देत नाहीत."