घरी राहिलेला अर्धा क्यू

क्लबमध्ये पोचल्यावर चष्मेवाल्याने पेटी उघडली. आत क्यूचा, म्हणजे पूल खेळायच्या काठीचा, मागचा जाड भाग तेवढा होता. टोकाचा भाग नव्हता. काल त्यानेच तो ओल्या फडक्याने पुसून वाळायला कपाटावर ठेवला होता, आणि तो तिथेच राहिला होता.

"अर्ध्याच काठीने खेळणार वाटतं," बेकरीवाला म्हणाला. क्लबची पूलची स्पर्धा तो सलग तीन वर्षं जिंकत होता. त्यामुळे त्याला विनोद सुचायचे.

घरी फोन करायची चष्मेवाल्याची हिंमत झाली नाही. घरात तो क्यू म्हणजे नाजूक विषय होता. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरली होती, आणि फरशीच्या ऐवजी क्यू आला होता. "आपला स्वतःचा क्यू असला की हात बसतो," असं त्याने बायकोला समजावलं होतं. तिला काही ते पटलं नव्हतं. पण तिने भांडण केलं नव्हतं. मात्र ओट्याजवळची फरशी पायाखाली डुगडुगली की आतून विचारायची, "हात बसला का हो?"

हात बसला नव्हता. दोन्ही वर्षं तो पहिल्याच फेरीत हरून घरी आला होता.

शेवटी त्याने भिंतीवरचा क्लबचा क्यू काढला. बोजड, किंचित वाकलेला. टोक झिजून इतकं बोथट झालेलं, की जोर लावून ढकलल्याशिवाय चेंडू हलायचाच नाही. पण तो हातात घेतल्यावर चष्मेवाल्याला एकदम हलकं वाटलं. आता हरलो तर निदान सांगायला कारण होतं.

पहिल्या फेरीत त्याने औषधांच्या दुकानदाराला हरवलं. योगायोग असेल, असं लोक म्हणाले. तोही म्हणाला. दुसऱ्या फेरीत वायरमनला हरवलं, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. दुपारी तीन वाजता तो अंतिम सामन्यात उभा होता आणि समोर बेकरीवाला होता.

साडेतीनला चष्मेवाल्याला एकच चेंडू घालायचा उरला, काळा; तो घातला की कप त्याचा. तो कोपऱ्यातल्या खिशाच्या अगदी तोंडाशी लागला होता. फुंकर मारली असती तरी पडला असता. क्यूने मारायचा पांढरा चेंडू त्याच्या सरळ मागे होता. बेकरीवाल्याने हातावरचा खडू रुमालाने पुसायला घेतला. त्याचा चेहरा न फुगलेल्या पावासारखा झाला होता.

चष्मेवाला वाकला, आणि दार धाडकन उघडलं.

"अहो, थांबा! आणलाय!"

दारात त्याची बायको होती. केस सुटलेले, एका चपलेचा पट्टा तुटलेला. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं, तान्ह्या बाळाला धरावं तसं. कपाटावरची धूळ झटकताना तिला तो भाग दिसला होता. पहिली बस मिळाली, दुसरी आलीच नाही, तेव्हा उरलेलं अंतर ती पळत आली होती.

"दहा वेळा फोन केला. उचलायला काय होतं?" मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. "अगं बाई! या दांडक्याने खेळताय? सकाळपासून?"

कोणीतरी हसलं. पंचाचं काम करणारे निवृत्त मुख्याध्यापक खाकरले. "क्यू बदलायचा असेल तर बदला," ते म्हणाले. "नियमात बसतं."

'अगं, बस जरा, एकच चेंडू राहिलाय,' हे शब्द चष्मेवाल्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण दोन वर्षांत तिने त्या क्यूला एकदाही हात लावला नव्हता. 'तुमची काठी' याखेरीज त्याचं नाव घेतलं नव्हतं. आणि आता ती दोन्ही हातांनी तो पुढे करून उभी होती, धापा टाकत. चारचौघांत तिला काय सांगायचं? याची गरज नव्हती म्हणून?

त्याने क्लबचा क्यू भिंतीला टेकवला. टॉवेल सोडला. दोन्ही भाग एकमेकांत फिरवून घट्ट केले. बेकरीवाल्याचा रुमाल थांबला.

स्वतःचा क्यू सरळ होता, हलका होता, त्याचं टोक नवंकोरं होतं. पण सकाळपासून त्याच्या हाताला ढकलायची सवय लागली होती. हाताने तेवढाच जोर लावला.

काळा चेंडू सटकन खिशात गेला. बायकोने टाळ्या वाजवल्या. तिने एकटीनेच. पांढरा चेंडू त्याच्या मागोमाग घरंगळत गेला, खिशाच्या काठावर विचार केल्यासारखा क्षणभर थांबला, आणि पडला.

"पडला ना काळा?" तिने हळूच विचारलं. "मग सगळे असे गप्प का?"

"त्याच्यामागे पांढराही पडला," चष्मेवाला म्हणाला. "तसं झालं की आपण हरतो."

मुख्याध्यापकांनी कप बेकरीवाल्याच्या हातात दिला.

नंतर दोघं क्लबच्या पायऱ्यांवर बसले. चष्मेवाला तिच्या चपलेचा पट्टा सुतळीने बांधत होता.  तिने पदराने डोळे टिपले.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्या काठीला नावं ठेवली. आज कळलं मला. दिवसभर ते दांडकं हातात, आणि आयत्या वेळी ही दिली तर कसं जमणार माणसाला? मी जरा आधी पोचले असते, तर तुम्ही नक्की जिंकला असतात."

त्याने सुतळीची गाठ आवळली. ती पक्की बसली का, हे दोनदा ओढून पाहिलं.

"हो गं," तो म्हणाला. "दोन मिनिटं इकडची तिकडे झाली असती, तर कप आपलाच होता."