हौदातले मासे

निमगाव केतकीच्या इस्माईलभाईंना वर्षात दुसऱ्यांदा मलेरिया झाला, तेव्हा डॉक्टरांनी सरळ दम भरला, "अंगात रक्त उरलेलं नाही. पुन्हा ताप आला तर बारामतीला ॲडमिट व्हायचं." मग आरोग्यसेवक राजवर्धनने घरामागच्या हौदात गप्पी मासे सोडले आणि त्यांच्या बायकोला, करिमाभाभींना, बजावलं, "डासांच्या अळ्या खाणं हेच यांचं काम. वरून काही म्हणता काही घालायचं नाही." त्या दिवसापासून भाभींचा हौदावर असा पहारा, की नातवंडांनाही तिकडं फिरकायची चोरी झाली.

महिन्याभराने राजवर्धन पाहणीला आला. हौदात अळ्या मजेत वळवळत होत्या, आणि मासे असे गलेलठ्ठ, की वळायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर येत होतं. आत खाटेवर इस्माईलभाई दोन गोधड्या पांघरून कुडकुडत होते.

"भाभी, खरं सांगा, माशांना काय खाऊ घालता?"

"अल्लाची शपथ, दादा! एक दाणा टाकला आसंल तर हात झडू देत माझं. ह्यांच्या जिवाशी खेळ करीन व्हय मी?" भाभींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बायकोचं रडणं ऐकून गोधडीतून कापरा आवाज आला.


"तिला नका बोलू, सायेब. मीच रोज चतकोर भाकरी चुरून घालतो. सरकारनं आपल्या दारी पाव्हणं धाडल्यात, त्येस्नी काय अळ्या खायला घालायच्या व्हय?"