शेवटचा बाक

सभागृहात माइक नव्हता. १९९४च्या त्या जुलैतही नव्हता, कधीच नसे. बंगलोरच्या मल्लेश्वरममधल्या या एवढ्याशा महिला महाविद्यालयातून वर्षाला साठ मुली बाहेर पडत, आणि प्रत्येकीचा आवाज स्वतःच्या बळावर शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, असा प्राचार्या कावेरम्मांचा आग्रह होता. विद्यार्थिनी संघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तर तो नियमच होता. एकीने व्यासपीठावर उभे राहायचे. प्रतिस्पर्धी मुलीने शेवटच्या बाकावरून एकच प्रश्न विचारायचा. उत्तर ऐकू आले नाही, तर हात वर करायचा. हात वर झाला की व्यासपीठावरच्या मुलीने खाली उतरायचे. उमेदवारी संपली.

व्यासपीठावर प्रेमा होती. शेवटच्या बाकावर कस्तुरी.

निपाणीहून आली त्या वर्षी कस्तुरी याच सभागृहात नुसते नाव सांगताना रडली होती. त्यानंतर रोज, वर्ग सुटले की, प्रेमा तिला व्यासपीठावर उभी करी आणि आपण शेवटच्या बाकावर जाऊन बसे. सबंध कॉलेजात मराठी या दोघींपुरतीच.

"ऐकू येत नाही गं!" प्रेमा तिथून ओरडे. "पुन्हा म्हण. रडायचं तर रड, पण मोठ्यानं रड."

प्रेमा दोनच महिन्यांनी मोठी. तरी कस्तुरी तिला अक्का म्हणू लागली, ती तेव्हापासून.

काल संध्याकाळी सभागृहाच्या पायऱ्यांवर प्रेमाने तिचा हात धरला होता.

"दिवाळीनंतरचा मुहूर्त काढलाय माझ्या लग्नाचा. अध्यक्ष झालीस तर परीक्षेपर्यंत थांबतो, म्हणाले अण्णा. नाहीतर कॉलेज बंद. तू नाव मागं घे, कस्तुरी. आणि बोलू नकोस कुणाजवळ."

"सरी, अक्का," कस्तुरीने कानडीत होकार दिला होता.

आता ती उठली. इंग्रजीत बोलली, एकही शब्द कुठे अडला नाही.

"उमेदवार प्रेमा यांना माझा एकच प्रश्न. दिवाळीनंतर तुमचं लग्न आहे. आमच्याकडे मतं मागताना ते सांगावं, असं तुम्हांला का वाटलं नाही?"

बाकांवरून कुजबुज सरकत गेली. मग हशा फुटला.

"अय्यो, मग खुर्चीवर कोण, नवरा बसणार?"

"जेवायला तरी बोलाव गं!"

कावेरम्मा शेजारच्या प्राध्यापिकेकडे झुकल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहिलंत? दोन वर्षांपूर्वी हिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. आपलं कॉलेज म्हणजे हे."

प्रेमाने व्यासपीठाची कड धरली. ज्या आवाजाने तिने दोन वर्षे दुसरीचा आवाज ओढून बाहेर काढला, तो तिला आता स्वतःसाठी सापडेना. इंग्रजीही सुटली, तोंडात मराठी आली. "लग्न... पुढं जाणार आहे," ती म्हणाली, "मी निवडून आले तर... मला शिकायचंय..."

पहिल्या बाकावरच्या मुली कान देऊन पुढे वाकल्या. एकमेकींकडे पाहू लागल्या.

"कस्तुरी," प्रेमा म्हणाली, "तुला माहीत आहे ना सगळं. तू सांग ना यांना."

दीड-दोनशे माना एकदम मागे वळल्या. खिडकीतून आलेल्या उन्हाचा एक चौकोन मधल्या वाटेवर पडला होता, आणि त्याच्यापलीकडे कस्तुरी उभी होती. तिला शब्दन् शब्द ऐकू आला होता. आला नसता तरी त्या ओठांची हालचाल तिला पाठ होती.

तिने हात वर केला.

"ऐकू येत नाही, अक्का," ती म्हणाली.

आवाज थेट व्यासपीठापर्यंत पोचला.