दाराला डकवलेली नोटीस

कोर्टात बसलेल्या हमीदाबीचा हात सारखा मांडीवरच्या पिशवीकडे जात होता. सरकारने फुकट दिलेला हा तिसरा वकील आज पहिल्यांदाच भेटला होता, आणि ती काही बोलायला गेली की तो फाइल चाळत म्हणे, “मावशी, जरा थांबा.” मुठेकाठची तिची झोपडी पाडण्याआधी रीतसर नोटीस दाराला डकवली होती, असं समोरच्या सरकारी वकिलांनी ठासून सांगितलं, तेव्हा मात्र ती उठलीच. “साहेब, झोपडीला दार नव्हतंच. हा होता.” तिने पिशवीतून फुलाफुलांचा पडदा काढून उलगडला. “हे आधी का नाही सांगितलंत?” तिचा वकील कुजबुजला. “तुम्ही थांबा म्हणालात, थांबले.” न्यायाधीशांनी पडदा पुरावा म्हणून जमा करायला सांगितला. शिपायाने हात पुढे केला, पण हमीदाबी पडदा सोडेना. “संध्याकाळी परत मिळेल ना? पुलाखाली पोरी याच्याच आड कपडे बदलतात.”